नकाशावरचा ठिपका कुणाचा?

समजा, स्वारगेटहून सुटलेल्या कोल्हापूरच्या एसटीतून तुम्ही साताऱ्याला उतरलात आणि बॅग वरच्या रॅकवरच राहिली. गाडी निघून गेली. बॅगेत ॲपलचा एअरटॅग, म्हणजे हरवलेली वस्तू शोधायला मदत करणारी छोटी चकती, टाकलाय हे आठवलं आणि जिवात जीव आला. फोन उघडला, तर उंब्रजजवळ हायवेवर एक ठिपका, आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरांत ‘35 मिनिटांपूर्वी’. मग एसटी उंब्रजला उभी आहे का? मुळीच नाही. ती एव्हाना कऱ्हाड ओलांडून गेली असेल. बहुतेक लोक ठिपका बघतात आणि वेळ वाचत नाहीत. घोटाळा तिथेच होतो.

टॅगला स्वतःचा ठावठिकाणा माहीत नसतो. 32 मिलिमीटर व्यासाच्या आणि 11 ग्रॅम वजनाच्या त्या चकतीत जीपीएस नाही, सिमकार्ड नाही, इंटरनेटही नाही. म्हणून तर एक बटन सेल त्यात सुमारे वर्षभर पुरतो. टॅग करतो ते एवढंच: दर काही सेकंदांनी ब्लूटूथवर एक सांकेतिक आकडा प्रसारित करतो. तो आकडा ठरावीक काळाने बदलत राहतो, म्हणजे कुणी वाटेत बसून ऐकत राहिलं तरी ‘हाच तो कालचा टॅग’ असं त्याला सहज ओळखता येत नाही.

आता त्या एसटीत कुणाच्या तरी खिशात आयफोन असतो, किंवा शेजारून आयफोनवाल्याची मोटार जाते. फोनला तो आकडा ऐकू येतो. मग फोन स्वतःची जागा बघतो, ती त्या आकड्याच्या मदतीने कुलूपबंद करतो आणि ॲपलच्या सर्व्हरवर टाकून देतो. हे कुलूप लावता कुणालाही येतं, किल्ली मात्र फक्त तुमच्या फोनमध्ये. ॲपलला ती जागा वाचता येत नाही. फोनवाल्याला आपण काही कळवलं याचा पत्ता नसतो, आणि तो फोन कुणाचा हे तुम्हालाही कळत नाही. एप्रिल 2021मध्ये एअरटॅग आला तो याच रचनेवर.

म्हणजे नकाशावर दिसतो तो एका परक्या फोनचा ठिपका. तो फोन त्या वेळी तिथे होता आणि तुमची वस्तू त्याच्या आसपास होती, इतकंच त्यातून सिद्ध होतं. मोकळ्या जागेत ‘आसपास’ म्हणजे दहा-वीस मीटर. मध्ये भिंती, माणसं किंवा लोखंडी कपाट आलं की बरंच कमी. शिवाय त्या फोनचा स्वतःचा अंदाज चुकला असेल तर ती चूकही ठिपक्यात येते. इमारतीच्या आत हे नेहमी होतं, आणि नकाशाला मजले नसतात. बारा मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची पिशवी आणि दहाव्या मजल्यावरची पिशवी एकाच ठिपक्यावर दिसतात. तेव्हा ठिपका बघून कुणाच्या दारावर थाप मारायला जाऊ नये.

वस्तू जवळच असेल तर गोष्ट वेगळी. आयफोन 11पासूनच्या बहुतेक मॉडेलांत अल्ट्रा-वाइडबँडची चिप असते. एअरटॅगमध्येही ती आहे. त्यामुळे काही मीटरवर आल्यावर पडद्यावर बाण आणि अंतर दोन्ही दिसतं. सोफ्याच्या फटीतली किल्ली अशी सापडते. ज्या टॅगमध्ये ही चिप नाही तो फक्त वाजतो, आणि नुसत्या ब्लूटूथच्या जोरावरून ‘जवळ आहे’ किंवा ‘लांब आहे’ एवढंच कळतं. दिशा कळत नाही.

या सगळ्याचा जीव आहे आजूबाजूच्या फोनांत. मुंबई विमानतळाच्या पट्ट्यावर ठिपका ताजा राहतो. ताम्हिणी घाटात गाडीच फिरकली नाही तर तो तासन्‌तास जुना दिसेल. आपल्याकडे बहुसंख्य फोन अँड्रॉइड, त्यामुळे टॅग घेताना खोक्यावर आधी हे बघा, की तो ॲपलच्या नेटवर्कवर चालतो की गूगलच्या. जिओच्याच टॅगांमध्ये दोन्ही प्रकार आहेत: जिओटॅग एअर ॲपलचं नेटवर्क वापरतो, जिओटॅग गो गूगलचं. गूगलने आपलं नेटवर्क एप्रिल 2024मध्ये सुरू केलं. त्यात मुळातली सेटिंग अशी, की वर्दळीच्या ठिकाणी अनेक फोनांना टॅग दिसला तरच जागा कळवायची. गोपनीयतेच्या दृष्टीने हे चांगलंच. ओसाड रस्त्यावर पडलेल्या पाकिटाला मात्र ते नडतं.

चोरीसाठी टॅगवर विसंबू नका. परका टॅग सोबत फिरतोय अशी सूचना फोन देतो, आणि ती चोरालाही मिळते. मालकापासून बराच काळ दूर राहिलेला एअरटॅग हलवल्यावर आपणहून वाजतोही. स्कूटरसाठी सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर बरा.

ही सूचना मुळात आहे ती पाळतीपासून बचाव व्हावा म्हणून. पर्समध्ये किंवा गाडीच्या चाकाआड दुसऱ्याने टॅग दडवण्याचे प्रकार झाले, तेव्हा ॲपल आणि गूगलने मिळून नियमावली आखली. मे 2024पासून आयफोन दुसऱ्या कंपन्यांच्या टॅगांबद्दलही सावध करतो. अँड्रॉइडवरही अशी सूचना येते, आणि सेटिंगमध्ये जाऊन स्वतः शोधही घेता येतो. तरी ती तत्काळ येईल असं धरून चालू नका; टॅग काही काळ तुमच्यासोबत हिंडल्यावरच फोनला संशय येतो. आणि टॅगचा स्पीकर काढून टाकला असेल तर तो वाजणारही नाही.

असा टॅग सापडला तर घाईने फेकू नका. फोनच्या मागच्या बाजूला टेकवलात तर एक पान उघडतं, त्यावर अनुक्रमांक असतो आणि मालकाच्या नंबरचे शेवटचे आकडेही असू शकतात. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग मागचं झाकण दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने फिरवा आणि सेल काढा. एअरटॅगचा अनुक्रमांक सेलखालीही छापलेला असतो. सेल निघाला की ठिपका पुढे सरकत नाही. स्क्रीनशॉट आणि टॅग दोन्ही घेऊन पोलीस ठाण्यात जा. टॅग कोणत्या खात्याशी जोडलाय हे कंपनीकडे नोंदलेलं असतं, आणि पोलिसांनी रीतसर मागितल्यावर ती माहिती त्यांना मिळू शकते.