काचेला लाकडाचा देठ

वाइनचा ग्लास फुटतो तो बहुतेक वेळा देठाशी. वरची वाटी शाबूत, खालची बैठक शाबूत, मधली दांडी तेवढी काडकन मोडलेली. अशी वाटी टाकवत नाही. लेथ हाताशी असेल तर तिला लाकडाचा देठ कातून देता येतो. आपल्याकडचे कातारी लाटणं, भोवरा, रवीची दांडी अशीच कातत आले. काम तेच, फक्त दांडी करंगळीहून बारीक आणि डोक्यावर काच.

बारीक, म्हणूनच सगळं लाकडाच्या रेषांवर येऊन ठेपतं. लाकूड म्हणजे काड्यांची मोळी. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असतील तर आठ मिलिमीटरची दांडीसुद्धा चांगला ताण सोसते. माझा पहिला देठ फळीतून करवतीने काढलेल्या सागाच्या तुकड्याचा होता. बाहेरून अगदी सरळ, पण आत रेषा एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडत होत्या. सात मिलिमीटरवर आला, तिरका तुटला आणि वरचा भाग थेट छतावर जाऊन आदळला. तेव्हापासून तुकडा कापत नाही, कुऱ्हाडीने फोडून घेतो. करवत आपल्या रेघेने चालते, कुऱ्हाड लाकडाच्या. आणि शक्यतो शिसव घेतो; ती घट्ट असते, कोरीव कड नीट धरते. सागात सिलिका असल्यामुळे हत्याराला घडीघडी धार लावत बसावं लागतं.

बैठकही लाकडाचीच करायची, आणि ती देठाच्याच तुकड्यातून कातायचा मोह होतो. तो टाळावा. देठात रेषा उभ्या असतात. त्याच लाकडाची सत्तर मिलिमीटरची पातळ चकती काढली तर तिच्यात नुसते उभ्या काड्यांचे आखूड तुकडे उरतात आणि कडेचा टवका सहज उडतो. म्हणून बैठक वेगळ्या फळीची, आडव्या रेषांची. तिला मध्ये भोक, आणि देठाच्या खालच्या टोकाला त्यात बसेल अशी खुंटी. बैठकीचा तळ किंचित खोलगट ठेवला की ती कडेवर बसते, डुगडुगत नाही.

आता देठ. वाटीखाली काचेचा दहाएक मिलिमीटरचा खुंट राहू द्यायचा आणि त्याची धारदार कड पाण्यात भिजवत हिऱ्याच्या कानशीने मारायची. डोळ्यांवर चष्मा हवाच. चाळीस मिलिमीटरचा चौकोनी तुकडा लेथवर गोल करून घ्यायचा, एक टोक लेथच्या फिरत्या पकडीत, म्हणजे चकमध्ये धरायचं आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या आधारातल्या, म्हणजे टेलस्टॉकमधल्या ड्रिलने खुंटासाठी भोक पाडायचं. भोक आधी, आकार नंतर, हा क्रम मोडायचा नाही. मग टेलस्टॉकचं शंकूसारखं सेंटर त्याच भोकात टेकवलं की बाहेरचा आकार आपोआप भोकाशी एककेंद्री येतो. उलट केलं तर वाटी जन्मभर तिरकी.

भोक खुंटाहून मिलिमीटरभर मोठं असावं. काच हलत नाही, लाकूड हलतं: लांबीत जवळजवळ नाहीच, पण आडवं पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. घट्ट बसवलेलं लाकूड आक्रसलं की एक तर तेच चिरतं, नाहीतर काच तडकते.

कातताना हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरवायचं. म्हणजे कापली जाणारी प्रत्येक रेषा खालच्या रेषांवर टेकलेली राहते आणि पृष्ठभाग तासल्यासारखा गुळगुळीत निघतो. चढावर नेलं की हत्यार रेषांत घुसतं आणि ढलपी काढतं. सुरुवात वाटीकडच्या टोकापासून. तिथला मणी, खाच, सगळं पूर्ण करून, काचकागदसुद्धा मारून मग चककडे सरकायचं. एकदा मधला भाग बारीक झाला की मागे परतायचं नाही, दांडी थरथरते. त्याच वेळी टेलस्टॉकचा दाब सैल करावा. घट्ट आवळलेला बारीक देठ धनुष्यासारखा वाकतो. पाठीमागून एक बोट हलकेच लावून ठेवलं की थरथर थांबते. बोटाला चटका बसू लागला तर समजावं, आपण कापत नाही, घासतोय.

लाखेच्या खेळण्यांसाठी फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. सुंदर काम आहे, पण या देठाला लाख नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि हा ग्लास कशासाठी आहे ते उघड आहे. (आमच्या घरी त्यातून कोकम सरबतच जास्त जातं, ती गोष्ट निराळी.) पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, भोकात आणि खुंटीवर मात्र थेंबही नको, नाहीतर गोंद धरत नाही.

जोडायला दोन ट्यूबांचं इपॉक्सी. भोकाच्या बाजूला आतून एक बारीक चर खरवडावा. नाहीतर आत कोंडलेली हवा देठाला पिचकारीसारखी वर ढकलते आणि रात्रीतून देठ दोन मिलिमीटर उचललेला सापडतो. ग्लास टेबलावर पालथा ठेवायचा, वरून देठ आणि बैठक बसवायची, आणि टेबलापासून बैठकीच्या कडेची उंची चार ठिकाणी पट्टीने मोजायची. कुठे मिलिमीटरचा फरक दिसला तर इपॉक्सी ओलं आहे तोवरच देठ तेवढा कलवायचा. मग चोवीस तास हात लावायचा नाही.