गाडीची उंची आणि प्रवाशाचे सुख

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, पैनगंगेच्या अलीकडे, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजारपेठेचे गाव आहे. भोवतालची जमीन बहुतांशी काळी, कापसाची. ही माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातून गेलेल्या पांदणीवर मृगाच्या पहिल्या सरींनंतर चार गाड्या गेल्या की चाकांचे दोन खोल चर पडतात व मध्ये मातीचा उंचवटा उरतो. या चरांनाच आपल्या भाषेत चाकोरी म्हणतात. एकदा चाकोरीत उतरलेल्या चाकाला बाहेर निघणे किती अवघड असते, हे या शब्दाला पुढे जो लाक्षणिक अर्थ आला त्यावरूनच कळून येईल.

पूर्वीच्या बंडीचे वा दमणीचे चाक मोठे असे. तिचा आस मधल्या उंचवट्याच्या बराच वरून जाई. आज त्याच पांदणीतून जीप, बोलेरो, थार अशी वाहने जातात. त्यांचे चाक लहान, पोट खाली. ते मधल्या मातीला घासते आणि गाडी अडून बसते. म्हणून पुष्कळ गाडीमालकांस वाटते की, गाडी चार बोटे उंच करून घेतली म्हणजे काम झाले. हे काम करून देणारे कारागीरही मिळतात. परंतु उंची वाढविल्याने नेमके काय साधते, आणि गाडीत बसणाऱ्यास त्याची कोणती किंमत द्यावी लागते, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

कोणत्याही मोटारीचे दोन भाग कल्पावे. एक भाग चाके व ॲक्सल यांचा. तो रस्त्याला चिकटून चालतो. दुसरा भाग सांगाडा, इंजिन, बैठक व माणसे यांचा. या दोहोंच्या मध्ये पोलादी पाटे किंवा गुंडाळी स्प्रिंग बसविलेली असते. खड्ड्यात चाक उतरते तेव्हा पाटा मोकळा होतो. धोंड्यावर चढते तेव्हा तो दबतो. आणि वरचा भाग शक्य तितका स्थिर राहतो. परंतु दबलेला पाटा एकदा उसळला की उसळतच राहावयाचा. ही उसळी शमविण्यासाठी तेलाने भरलेली नळी जोडतात. तिलाच गॅरेजात शॉकअप म्हणतात. पाटा धक्का झेलतो, शॉकअप डोल थांबवितो. ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि ती एकमेकांच्या प्रमाणात असली तरच प्रवास सुखाचा होतो.

हे सुख मोजण्याचा एक सोपा हिशेब आहे. गाडीच्या वरच्या भागाच्या भाराने पाटा किती सेंटिमीटर दबला आहे ते घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि त्याने ३०० ला भागावे. जो आकडा येईल तितके हेलकावे ती गाडी एका मिनिटास खाईल. पाटा २५ सेंटिमीटर दबत असेल तर ६० हेलकावे. ९ सेंटिमीटर दबत असेल तर १००. मिनिटास ६० ते ९० हेलकावे माणसाच्या शरीरास सुसह्य वाटतात, म्हणून प्रवासी मोटारी बहुधा या मर्यादेत बांधतात. हेलकावा जसजसा जलद होतो, तसतसे त्याचे हिसक्यात रूपांतर होते. बसलेल्या माणसाच्या देहास सर्वांत जाचक असतात ती सेकंदास ४ ते ८ वेळा होणारी उभी कंपने. पाटे ताठ असले म्हणजे ती पुरेशी न गाळता वर येतात आणि पाठीच्या कण्यास व पोटास जाणवतात. रिकामी मालगाडी भरलेल्या गाडीपेक्षा अधिक का आदळते, याचेही उत्तर या हिशेबात आहे. भार कमी, दबाव कमी, म्हणून हेलकावे अधिक.

आता गाडी उंच करण्याच्या रीती पाहू. सर्वांत रूढ रीत म्हणजे मागच्या पाट्यांत आणखी एक पाटा घालणे. समजा, मूळचे पाटे भाराखाली ९ सेंटिमीटर दबत होते. जादा पाट्याने ताठपणा जवळजवळ दीडपट झाला आणि दबाव सव्वासहा सेंटिमीटरांवर आला. गाडी पावणेतीन सेंटिमीटर वर उठली खरी. पण मिनिटास १०० असलेले हेलकावे १२० झाले. मिळालेली उंची ही पाट्याच्या लवचिकपणातून कापून घेतलेली आहे. मालक बाहेरून पाहतो, त्यास गाडी ऐटदार दिसते. आतल्या माणसास प्रत्येक दगड मोजता येतो. सदैव पूर्ण माल वाहणाऱ्या गाडीस हा उपाय शोभेल, माणसे वाहणाऱ्या गाडीस नाही.

दुसरी रीत म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. यात पाट्याचा ताठपणा बदलत नाही, म्हणून सपाट रस्त्यावर फरक जाणवत नाही. परंतु चाक आता सांगाड्यापासून दूर गेले. जुना शॉकअप उभ्या गाडीतच बराचसा ताणला गेला. चाक खड्ड्यात उतरताच तो आपल्या लांबीच्या शेवटास येतो आणि गाडीस खालून कोणी ओढावे तसा हिसका बसतो. म्हणून ठोकळ्याबरोबर योग्य लांबीचा शॉकअप घेणे भागच आहे. शिवाय चढावर जोर लागला असता उंच ठोकळा पाट्यास पिळतो. आणि ज्या चाकांनी गाडी वळवावयाची, त्या पुढच्या ॲक्सलखाली असा ठोकळा घालणे तर धोक्याचेच.

तिसरी रीत पुढच्या बाजूची. २०१० साली बाजारात आलेल्या थारच्या पुढील चाकांना पिळाची पोलादी दांडी, म्हणजे टॉर्शन बार, होती. तिचा बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो. खर्च जवळपास नाही. पण दांडी त्यामुळे लांब होत नाही. चाकाला खाली जाण्यास जी मोकळीक होती तिच्यातील काही भाग उभ्या उभ्याच संपतो, हालचालीचे सांधे तिरके होतात, आणि खड्ड्यात चाक अधांतरी राहते.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट मुळीच वर जात नाही, आणि ढाणकीच्या चाकोरीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत मधोमध डिफरन्शियलचा जो फुगीर लोखंडी गोळा असतो, तो चाकांना धरून असतो. पाट्यांशी त्याच्या उंचीचा संबंध नाही. सांगाडा हातभर वर नेला तरी हा गोळा होता तेथेच राहतो आणि मधल्या मातीच्या उंचवट्यास घासत जातो. तो वर न्यावयाचा तर टायरच मोठा हवा. आणि टायरचा व्यास ५ सेंटिमीटरने वाढविला तर गोळा वर येतो अडीच सेंटिमीटर. मोठा टायर जड असतो, तो खालच्या भागाचे वजन वाढवितो, आणि वेग दाखविणारा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

उंची आणि सुख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा जीपच्या इतिहासातच सापडतो. १९४१ सालच्या लष्करी विलिज जीपचे पोट जमिनीपासून सुमारे २२ सेंटिमीटर वर होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडण्यास आरंभ केला. तिच्या कुळातील २०२० सालच्या थारची ही उंची २२.६ सेंटिमीटर आहे. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षांत बोटभरही अंतर वाढले नाही. तरी जुन्या जीपमधून उतरलेला माणूस कंबर धरून उतरे, आणि नव्या गाडीतील माणूस तुलनेने सुखाने उतरतो. कारण विलिजच्या चारही चाकांवर पाटे होते. नव्या थारमध्ये पुढील चाके स्वतंत्रपणे हलतात, आणि मागे अखंड ॲक्सल असूनही पाट्यांच्या जागी गुंडाळी स्प्रिंगा आल्या आहेत. सुधारणा झाली ती चाकाच्या वरखाली होण्याच्या मोकळिकीत.

सुखाहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. दोन चाकांमधील रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे मानावे. गाडी उचलल्याने तो ८३ सेंटिमीटरवर गेला, तर वळणावर गाडी उलटविण्यास लागणारा जोर सुमारे एक दशांशाने घटतो. त्यावर टपावर सामान आणि आत दाटीने माणसे बसविली म्हणजे ही तूट आणखी वाढते. कायद्याचेही येथे म्हणणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हे कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलास सोडून वाहनात फेरबदल करण्यास आळा घालते. आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा अनधिकृत फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

तर मग पांदणीतून जाणाऱ्याने करावे काय? प्रथम जुने, तेल गळलेले शॉकअप बदलावे. पुष्कळ गाड्यांचा त्रास एवढ्यानेच निम्मा होतो. पाट्यांवरील गंज व चिखल काढावा, कारण गंजलेले पाटे एकमेकांवर घसरत नाहीत आणि ताठ होतात. मऊ चिखलात टायरची हवा थोडी कमी करावी व डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी. उंची वाढविणे अटळच असेल तर ती थोडी असावी, आणि स्प्रिंग व शॉकअप एकमेकांच्या जोडीचे घ्यावेत. नुसते ठोकळे नकोत. आणि गावाने मिळून पावसाळ्यापूर्वी मधला उंचवटा छाटला, चरांत मुरूम दाबला व कडेने पाण्यास वाट करून दिली, तर त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक गाडीस लाभ होतो.

पावसाळ्याच्या रात्री पांदणीकडच्या वस्तीतून बाळंतिणीस वा पाय मोडलेल्या माणसास दवाखान्यात न्यावयाचे असते, तेव्हा या विचाराची खरी कसोटी लागते. चिखलात अडकलेली गाडी त्या रुग्णाच्या उपयोगाची नाही, हे खरे. पण प्रत्येक खड्ड्यागणिक त्यास बाकावरून उचलून आपटणारी गाडीही त्याच्या कळांत भरच घालते. गाडीत फेरबदल करणाऱ्याने ती जमिनीपासून किती वर गेली हे टेपाने अवश्य मोजावे. मात्र त्यानंतर एकदा मागच्या बाकावर बसून, त्याच पांदणीतून, दवाखान्यापर्यंत स्वतः जाऊन यावे.