वादळी किनाऱ्यावरचे ऊबदार घर

ज्या किनाऱ्यावर थंडी, पाऊस आणि वारा ही तिन्ही संकटे एकदमच चालून येतात, तेथे घर बांधणे हे नुसत्या बर्फात घर बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात लुइस नावाचे बेट आहे. नकाशात पाहिले तर ते मॉस्कोच्याही उत्तरेला, ५८ अक्षांशावर येते. पण महासागरातील उबदार प्रवाहामुळे तेथे जानेवारीचे सरासरी तापमान चार-पाच अंश सेल्सिअस असते. आकडा ऐकून वाटेल, एवढ्या थंडीचे काय कौतुक? गोम अशी की जुलैतही दुपारचा पारा सोळाच्या आसपासच रेंगाळतो, म्हणजे घर तापवण्याची गरज जवळजवळ वर्षभर लागते. शिवाय पाऊस वरून पडण्याऐवजी वाऱ्याबरोबर आडवा येतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ५५ किलोग्रॅमचा रेटा देतो. दहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच भिंतीवर हा रेटा चौदाशे किलोच्या घरात जातो. हिवाळ्यातल्या वादळात तेथे असा वारा नवलाचा नाही.

या बेटावरच्या जुन्या लोकांनी यावर काढलेली तोड म्हणजे तेथील 'काळी घरे'. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये ठासलेली माती. सगळी मिळून जाडी चार-पाच फूट. कोपरे गोलसर, म्हणजे वाऱ्याला धरायला धार नाही. छप्पर गवताचे, वरून दोरांचे जाळे टाकून दोरांच्या टोकांना दगड लोंबकळत सोडलेले. आपल्याकडे कोकणात, गोव्यात पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वळचण चांगली पुढे काढतात. लुइसमध्ये वळचण मुळी नव्हतीच. छप्पर आतल्या भिंतीवर टेकलेले असे आणि भिंतीचा रुंद माथा उघडाच राही, इतका की त्यावर गवत उगवे. वळचण काढली असती तर वाऱ्याने तिच्याखाली हात घालून छप्परच उचलले असते. धुराडे नाही, खिडक्या नावापुरत्या, आणि एका टोकाला माणसे तर दुसऱ्या टोकाला गुरे. मध्यभागी पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट इंधनाचा विस्तव अखंड जळत असे. धूर गवतातून वाट काढी आणि काजळलेले जुने छत उतरवले की ते शेतात खत म्हणून जाई. आर्नोल गावातले असे एक घर आज जतन केलेले आहे. त्यात १९६६ पर्यंत माणसे राहत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनी गुरांशी सोबत राहण्याला हरकत घेतली. ती रास्तच होती. मग आली 'पांढरी घरे': चुन्यात बांधलेली एकेरी भिंत, धुराडे, मोठ्या खिडक्या. दिसायला नेटकी, उजेडाला चांगली, पण ऊब मात्र धुराड्यातून आणि फटींतून निघून जाई. सुधारणा झाली आणि घर गार पडले, असा हा प्रकार. त्याचा हिशोब तेथे अजून चुकता झालेला नाही. घरातली ऊब टिकवण्यासाठी उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त पैसा लागतो अशा कुटुंबांचे प्रमाण स्कॉटलंडमध्ये या पश्चिमी बेटांवरच सर्वांत मोठे आहे.

आता नव्या घराकडे वळू. उष्णता अडवते कोण? दगड नव्हे. दगडाची वाहकता मोठी; नाइस नावाच्या तेथील खडकाची दोन फुटी भिंतही ऊब भराभर बाहेर सोडते. उष्णता अडवते ती स्थिर हवा. घोंगडीत ऊब असते ती लोकरीपेक्षा लोकरीत अडकलेल्या हवेची. खनिज लोकर, कागदाच्या लगद्याचा भुसा, मेंढीची लोकर हे सारे पदार्थ हेच काम करतात; त्यांची वाहकता ०.०४ च्या आसपास असते, तर दगडाची दोन ते तीन, म्हणजे पन्नास-साठपट. लाकडी सांगाड्यात ३०० मिलिमीटर जाडीचा असा थर भरला की एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून ०.१५ वॅटच उष्णता निसटते. त्या दोन फुटी दगडी भिंतीतून दोन वॅटहून अधिक जाते.

एवढ्यावर काम भागले असते तर हा लेख लिहायला नको होता. घोंगडी भिजली की तिची ऊब जाते, आणि वारा तिच्या विणीतून आरपार गेला तरीही जाते. भिंतीचेही तसेच आहे. आणि पाणी भिंतीत केवळ पावसानेच शिरते असे नाही. वीस अंश तापमानाच्या, मध्यम दमट खोलीतल्या एक घनमीटर हवेत साडेआठ ग्रॅमच्या वर बाष्प असते. ही हवा फटीतून भिंतीत शिरून सव्वानऊ अंशांपर्यंत निवली की दव पडायला लागते. बाहेर पाच अंश असताना तो बिंदू भिंतीच्या पोटातच असतो. स्वयंपाक, आंघोळी, वाळत घातलेले कपडे आणि श्वास मिळून चौघांचे कुटुंब दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडते. त्याला वाट दिली नाही तर ते आपली वाट काढते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० साली भाड्याच्या घरातल्या बुरशीने दोन वर्षांच्या एका मुलाचा बळी घेतला, असे २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत ठरले. त्यानंतर अशा घरमालक संस्थांसाठी तेथे कायदा कडक झाला.

पावसाच्या बाजूने काय होते त्याचा धडा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने दिला. व्हँकूव्हरच्या परिसरात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या शेकडो इमारतींच्या लाकडी भिंती आतून कुजल्या. बाहेरचा गिलावा थेट भिंतीला चिकटलेला, आत प्लास्टिकचा कागद, छज्जे फॅशनपायी काढून टाकलेले. वाऱ्याने खिडक्यांच्या कडांमधून घुसवलेले पाणी भिंतीत गेले. ते ना आत सुकू शकले ना बाहेर. हजारो कुटुंबांची आयुष्यभराची बचत दुरुस्तीत गेली. १९९८ साली तेथील प्रांताचे माजी पंतप्रधान डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. इमारती उष्णतेसाठी बंदिस्त केल्या, पण पाण्याचा निचरा विसरले.

तेव्हा अशा किनाऱ्यावरच्या भिंतीचे सूत्र असे की आतून हवा जाऊ द्यायची नाही आणि बाहेरून पाणी आले तर त्याला परत पाठवायचे. खोलीच्या बाजूला, पण विजेच्या तारांच्या मागे, हवाबंद पडदा. सांधे चिकटपट्टीने मिटवलेले. मग लोकरीचा थर. त्याबाहेर पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा कागद. आणि त्याच्याही बाहेर, दोन बोटे पोकळी सोडून, लार्च लाकडाच्या फळ्या. या फळ्यांनी सगळा पाऊस अडवावा अशी अपेक्षाच नसते. त्यांनी माराचा जोर मोडायचा. फटीतून आलेले पाणी पोकळीत ओघळून खाली जाते आणि तेथे खेळणाऱ्या वाऱ्याने लाकूड सुकते. वळचण नसलेल्या घराला ही पोकळीच तारते. खिळे मात्र स्टेनलेस स्टीलचे हवेत. खाऱ्या हवेत साधा खिळा फार काळ टिकत नाही.

हवाबंद घरात माणूस गुदमरणार नाही का? प्रश्न बरोबर आहे. म्हणून स्वयंपाकघर-न्हाणीघरातली दमट हवा पंख्याने बाहेर काढतात आणि ताजी हवा निजायच्या खोल्यांत सोडतात. हे दोन्ही प्रवाह पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा मिसळत नाही, पण जाणारी आपली ऊब येणारीच्या हवाली करते. पाचातली चार भाग ऊब अशी परत मिळते. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ साली या पद्धतीचे पहिले 'पॅसिव्ह हाऊस' वसले. त्या मानकानुसार वर्षाला दर चौरस मीटरमागे तापवण्यास १५ युनिटांहून जास्त ऊर्जा लागता कामा नये. दारात पंखा लावून ५० पास्कल दाबाचा फरक ठेवला तर फटींतून तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटच हवा गळावी, अशीही अट आहे.

शंभर चौरस मीटरच्या घराचा हिशोब मांडून पाहा. भिंती, छत, जमीन मिळून ३०० चौरस मीटर. आतबाहेर पंधरा अंशांचा फरक. गळती ६७५ वॅट. वीस चौरस मीटर तिहेरी काचेतून २४० वॅट, वायुवीजनातून सुमारे १२०. एकूण हजाराच्या किंचित वर. आपल्या न्हाणीघरातला गीझर याच्या दुप्पट वीज खातो. यातले तीनेकशे वॅट चार माणसांच्या अंगाचीच ऊब देते.

काचांबाबत वास्तुशिल्पी जरा वाहवत जातात. समोर समुद्र असला की अख्खी भिंत काचेची करावीशी वाटते. पण उत्तमातली तिहेरी काचही भिंतीच्या पाचपट उष्णता सोडते, आणि डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजावर नऊ अंशही चढत नाही. त्याच्याकडून फार मागता येत नाही. मार्च-एप्रिलातले आणि सप्टेंबरातले ऊन मात्र दक्षिणेच्या खिडकीतून उपयोगी पडते. दार वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, आणि त्याला आत दुसरे दार, हा जुना शहाणपणा अजूनही चालतो.

एक अडचण उरते ती विस्तवाची. पिढ्यान्‌पिढ्या पीटभोवती बसलेल्या माणसांना शेगडीवाचून घर घरासारखे वाटत नाही. बाजारात मिळणारी लहान शेगडीही चार-पाच किलोवॅट ऊब देते, घराला हवी असते एक. तिला बाहेरून स्वतंत्र हवेची नळी द्यावी लागते, नाहीतर घरातल्या पंख्याच्या ओढीने तिचा धूर उलटा खोलीत यायचा. आणि एवढे करून ती पेटवली की तासाभरात डिसेंबरच्या रात्री खिडकी उघडावी लागते.