पाना, पंप आणि प्रयोग

५ जून २०२४ रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या कपड्यालत्त्यांच्या दोन बॅगा पृथ्वीवरच राहिल्या. आयत्या वेळी त्या उतरवून त्यांच्या जागी सुमारे ७० किलोंचा एक पंप चढवण्यात आला होता. स्थानकावरच्या मूत्रशुद्धीकरण यंत्राचा पंप आठवडाभर आधी बंद पडला होता. लघवी पिशव्यांमध्ये भरून ठेवावी लागत होती आणि त्या पिशव्यांनाही मर्यादा होती. पुढचं मालवाहू यान ऑगस्टशिवाय येणार नव्हतं. कपड्यांवाचून भागणार होतं, पंपावाचून नाही. पुढे थोड्या दिवसांचा हा मुक्काम २८६ दिवसांचा झाला आणि त्याची बातमी जगभर गाजली. पंपाची बातमी मात्र आली तशी विरली.

अंतराळ स्थानकाची खरी ओळख मला त्या पंपातून होते. तिथल्या प्रयोगांबद्दल आपण कौतुकाने वाचतो. दुरुस्तीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पण तिथे प्रयोग आणि दुरुस्ती ही दोन वेगळी खाती नाहीत. सकाळी ज्या हातांनी पेशींच्या कुप्या हाताळल्या, त्याच हातांनी दुपारी संडासाची टाकी बदलायची असते. वरच्या जगण्यातलं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

स्थानकाचा पहिला भाग, रशियन बनावटीचा ‘झार्या’, २० नोव्हेंबर १९९८ रोजी कक्षेत गेला. २ नोव्हेंबर २००० रोजी बिल शेफर्ड, युरी गिद्झेन्को आणि सर्गेई क्रिकाल्योव्ह हे तिघे तिथे राहायला आले आणि त्यानंतर स्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने, दर दीड तासाला एक फेरी मारणारं हे ४०० टनांहून जड घर आहे. सुरुवातीच्या वर्षांत, विशेषतः २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यान कोसळल्यावर, तिथे दोन-तीनच माणसं असत. नुसतं स्थानक चालतं ठेवायलाच अडीच माणसं लागतात, असा तेव्हाचा हिशेब होता. तिघांतून अडीच वजा केले की विज्ञानाच्या वाट्याला अर्धा माणूस उरे. २००९ मध्ये सहा जण राहू लागले, २०२० मध्ये सात, तेव्हा कुठे प्रयोगांना सलग वेळ मिळू लागला.

वरचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर चालतं. सकाळी सहाला मंडळी उठतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. मग ह्यूस्टन, हंट्सव्हिल, म्युनिकजवळचं केंद्र, जपानमधलं त्सुकुबा आणि मॉस्को यांच्याशी दिवसाच्या कामांची उजळणी होते. प्रत्येकाचा दिवस लॅपटॉपवर पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने आखलेला असतो आणि त्या आराखड्यावरून एक लाल रेघ वेळेबरोबर पुढे सरकत राहते. हाताखालचं काम रेघेच्या मागे पडलं की ते पडद्यावर लगेच दिसतं. शनिवारी साफसफाई असते. जंतुनाशक फडक्यांनी हाताच्या दांड्या पुसायच्या, हवा आत ओढणाऱ्या जाळ्यांवरचा केरकचरा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. हवेत सोडलेली वस्तू खाली पडत नसल्यामुळे हरवलेला स्क्रू, पेन, चष्म्याची काच पुष्कळदा या जाळ्यांवरच सापडते.

व्यायामाला रोज दोन तास. त्यात सवलत नाही. वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. तिथे लोखंडी वजनं निरुपयोगी, म्हणून निर्वात सिलिंडरांच्या जोरावर ओढ देणारं यंत्र वापरतात. धावण्याच्या पट्ट्याखाली धक्के शोषणारी यंत्रणा आहे, कारण एकाच्या धावण्याचे हादरे दुसऱ्याचा नाजूक प्रयोग बिघडवू शकतात. लांब मुक्काम केलेल्यांच्या तळपायाची जाड कातडी गळून पडते आणि पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण काम करताना पाय दांड्यांखाली अडकवून शरीर स्थिर ठेवावं लागतं.

हाडांची ही झीज पुढे एका यंत्रात जाऊन अडकली. लघवीपासून पाणी करणारं यंत्र नोव्हेंबर २००८ मध्ये वर गेलं. जमिनीवर पाणी उकळलं की वाफ वर जाते आणि गाळ खाली राहतो. वजनरहित अवस्थेत वर आणि खाली हेच नसल्याने वाफ आणि द्रव एकमेकांपासून सुटत नाहीत. म्हणून या यंत्रात एक पिंप गरगर फिरवतात: द्रव भिंतीला चिकटतो, कमी दाबामुळे कमी तापमानातच त्याची वाफ होते आणि ती मधून काढून घेता येते. पृथ्वीवरच्या चाचण्यांत हे छान चाललं होतं. वर गेल्यावर २००९ च्या अखेरीस ऊर्ध्वपातनाचा भाग बंद पडला. तो उघडून पाहिला तर आत कॅल्शियम सल्फेटचे खडे साचलेले. अंतराळवीरांच्या हाडांतून सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरत होतं आणि लघवी टिकावी म्हणून घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी मिळून त्याचे खडे बनत होते. चाचण्या झाल्या होत्या जमिनीवरच्या माणसांच्या लघवीवर, आणि तिच्यात एवढं कॅल्शियम नव्हतं.

वैद्यकाने अभ्यासायची गोष्ट नळकामात जाऊन बसली होती. उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी यंत्रातून कमी पाणी काढायचं, म्हणजे उरलेला द्रव फार दाट होऊन खडे धरणार नाही. आणि पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल. नंतर उरलेल्या गाळातलंही पाणी सुकवून घेणारं उपकरण जोडलं गेलं आणि २०२३ मध्ये स्थानकाने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा पल्ला गाठला. मंगळाच्या प्रवासाला हीच टक्केवारी हवी. ती कुणा एका शोधातून आलेली नाही. पंधरा वर्षं पुन्हापुन्हा यंत्र उघडून, पुसून, बदलून ती मिळवावी लागली.

बाहेरच्या दुरुस्त्या आणखी अवघड. ३० ऑगस्ट २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे एक वीजवितरण पेटी बदलायला बाहेर पडले. सौरपंखांवरची वीज स्थानकाला वाटून देणाऱ्या अशा चार पेट्या आहेत. जुनी पेटी निघाली, पण नवी बसेना, कारण बोल्टच्या मळसूत्रात धातूचा कीस अडकला होता. आठ तासांहून जास्त वेळ झटूनही बोल्ट फिरला नाही, तेव्हा पेटी दोराने बांधून ठेवून दोघं आत परतले. पुढच्या काही दिवसांत पृथ्वीवरचे अभियंते आणि वरची मंडळी यांनी मिळून स्थानकावर हाताशी असलेल्या वस्तूंतून हत्यारं घडवली. एका केबलच्या तारा मोकळ्या करून त्यांचा ब्रश केला. दुसरं हत्यार होतं दांड्याला बांधलेला दात घासायचा ब्रश. ५ सप्टेंबरला दोघं पुन्हा बाहेर गेले, भोकातला कीस खरवडून काढला, टूथब्रशने मळसूत्राला वंगण लावलं आणि बोल्ट बसवला. हवा भरून ताठ झालेल्या हातमोज्यांत प्रत्येक वेळी मूठ वळायला जोर लावावा लागतो, हे लक्षात घेतलं म्हणजे या कामाची किंमत कळते. अंतराळयुगाच्या इतिहासात या दिवसाला मोठी जागा द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कधी प्रयोगच दुरुस्तीला येतो. मे २०११ मध्ये स्थानकाबाहेर बसवलेला साडेसात टनांचा अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर विश्वकिरण मोजतो. नोबेलविजेते सॅम्युअल टिंग त्याचे प्रमुख. त्याला थंड ठेवणारे पंप एकेक करून थकत गेले आणि उपकरण तर कक्षेत उघडायचं अशा बेताने बांधलेलंच नव्हतं. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी चार स्पेसवॉक करून पोलादाच्या आठ बारीक नळ्या कापल्या आणि नव्या पंपांना जोडल्या. त्यासाठी वीसहून जास्त नवी हत्यारं बनवावी लागली. उपकरण आजही मोजतं आहे.

आणि प्रयोग म्हणाल तर त्यांच्यातही ठरलेल्या वाटेबाहेरचं पुष्कळ. अमेरिकी प्रयोगशाळा ‘डेस्टिनी’मध्ये फ्रिजएवढ्या कपाटांत निरनिराळी उपकरणं बसवली आहेत, त्यातलं एक ज्वलनासाठी. तिथे ज्योत वर चढत नाही, गोल राहते. आग विझते कशी, हे पाहण्यासाठी हेप्टेन या इंधनाचे थेंब जाळत होते. ज्योत विझलेली दिसली, पण मोजमाप सांगत होतं की थेंब अजून लहान होतो आहे. डोळ्यांना न दिसणारी, नेहमीच्या ज्योतीपेक्षा खूपच थंड अशी ज्वाला तिथे जळत होती. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इंजिनं अधिक स्वच्छ करायला त्याचा उपयोग होऊ शकेल, म्हणून त्यावरचं काम पुढे चालू राहिलं.

‘व्हेजी’ नावाच्या छोट्या वाफ्यात २०१५ च्या ऑगस्टमध्ये लेट्यूसची पानं आली आणि तिथेच खाल्ली गेली. नंतर झिनियाची रोपं लावली तर पाणी जास्त झालं, पानांवर बुरशी धरली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी वेळापत्रकाप्रमाणे पाणी घालणं थांबवून, झाडाकडे बघून ठरवू द्या, असा आग्रह धरला आणि जमिनीवरच्या शास्त्रज्ञांनी तो मानला. काही रोपं गेली, काही जगली, जानेवारी २०१६ मध्ये नारिंगी फूल उमललं. माळ्याला जे कळतं ते आराखड्याला कळत नाही, हे जमिनीवरच्या मंडळींनी मान्य केलं, याचं मला कौतुक वाटतं.

२०२५ मध्ये या कामाला भारताचे हात लागले. ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून २६ जूनला स्थानकावर पोचले. तिथे जाणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याबरोबर भारतीय संस्थांचे सात प्रयोग होते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मूग आणि मेथी दिली होती. त्यांना वर मोड आणवायचे आणि नमुने गोठवून परत आणायचे. बंगळुरूच्या संस्थांकडून जलअस्वलं हे सूक्ष्म प्राणी आणि स्नायूंच्या पेशी. शिवाय शैवालं, जी एक दिवस अन्न आणि प्राणवायू दोन्ही पुरवतील. मोड आलेले मूग आपल्या स्वयंपाकघरात रोजचे. पण गुरुत्व जाणवत नसताना मूळ कुठल्या दिशेला जातं, पोषणमूल्य किती टिकतं, हे लांबच्या प्रवासाआधी कळायलाच हवं.

शुक्लांचं उड्डाण पुढेपुढे गेलं त्याच्या कारणांतही दुरुस्ती होती. रशियन ‘झ्वेझ्दा’ भागाच्या टोकाच्या बोगद्यातून २०१९ मध्ये हवा झिरपू लागली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रशियन अंतराळवीरांनी चहाच्या पिशवीतली पत्ती त्या बोगद्यात सोडली, दार लावून घेतलं आणि कॅमेऱ्यात पाहिलं: पत्ती हळूहळू एका भेगेकडे सरकत होती. भेग बुजवली, पण पुढे आणखी निघाल्या. जून २०२५ मध्ये तिथल्या दाबाचे आकडे नीट समजून घ्यायचे म्हणून शुक्लांची मोहीम थांबवली गेली. ते योग्यच झालं.

स्थानक २०३० पर्यंत चालवायचं आणि मग प्रशांत महासागराच्या निर्जन भागात उतरवायचं, असं ठरलेलं आहे. भारताला स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं आहे आणि त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचा बेत आहे. त्या कामावर बसलेल्या अभियंत्यांना आणि आज अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे: कुठलाही बोल्ट, झडप किंवा नळी आराखड्यात काढण्याआधी, जाड हातमोजा घातलेल्या माणसाला ती दहा वर्षांनी उघडून बदलता येईल का, ते विचारा.