अपंगत्व पेन्शन नाकारली तर

कर्नाटकातल्या दुबलगुंडीसारख्या सीमाभागातल्या गावात परतलेल्या जवानाच्या हाती कधी कधी एकच ओळ येते: ‘आजार सेवेमुळे झालेला नाही.’ अपंगत्व पेन्शनचे बहुतेक वाद या ओळीभोवती फिरतात.

लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या धरमवीर सिंग यांना अपस्मारामुळे १९९४ मध्ये घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के. पण आजार उपजत ठरवून पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरायचे. तसे नाही हे सरकारने सिद्ध करायचे आणि वैद्यकीय मंडळाने कारणे लिहायची. मला हे अगदी न्याय्य वाटते. तपासून, धडधाकट म्हणून घेतलेल्या माणसाकडे पुरावा कसला मागायचा?

मात्र, हा निकाल जुन्या नियमांवर आधारलेला आहे; २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत.

नकारपत्र आल्यावर आधी खात्याकडे अपील करावे. तेही फेटाळले गेले, तर कर्नाटकातल्या जवानाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या कोची खंडपीठाकडे जाता येते. भरतीवेळचे वैद्यकीय कागद आणि मंडळाच्या अहवालाची प्रत मात्र आधीच मागून घ्यावी.