पाळीव अजगराचें घर

कुत्रीं-मांजरें पाळण्याची हौस आपल्याकडे जुनीच. परंतु अलीकडे कांहीं तरुण ‘बॉल पायथन’ नांवाचा आफ्रिकेंतील लहान, बिनविषारी अजगर घरीं आणूं लागले आहेत. भय वाटलें कीं हा प्राणी अंगाचा चेंडू करून डोकें आंत दडवितो, म्हणून त्यास हें नांव पडलें. त्याच्या घराचा विचार ह्या भित्रेपणापासूनच सुरू झाला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

जागा जितकी प्रशस्त तितकी बरी, ही आपली समजूत. ह्या पिल्लास मात्र उघड्या जागेचें भय वाटतें, आणि भयानें तें अन्न सोडतें. हवेस भोंकें व झांकणास पक्की कडी असलेली सुमारें दोन फूट लांबीची पेटी त्यास पुरते. तींत अंग चोहोंकडून टेकेल असे दोन आडोसे ठेवावे. एक उबदार टोंकास, दुसरा थंड टोंकास. तळाशीं कागद अंथरावा व पाण्याचें जड भांडें नित्य स्वच्छ ठेवावें.

उबदार टोंकास ३१ ते ३२ व थंड टोंकास २५ ते २७ अंश सेल्सिअस तपमान असावें. थंड देशांत चिंता ऊब देण्याची. आमच्या बडनेऱ्यास वैशाखांत ती गारव्याची. येथें पारा ४५ अंशांकडे जातो, आणि ३५ पुढील उष्णता ह्या प्राण्यास घातक. म्हणून पेटी माजघरांत, कूलरच्या गारव्यांत पण झोताबाहेर ठेवावी. हवेंत ओलावा नसल्यास कात तुकड्यांनीं निघते. तो ६० टक्क्यांच्या आसपास राखावा. पौषांत पेटीच्या एका टोंकाखालीं विजेची ऊबदार चटई लागते. तीस थर्मोस्टॅट हवाच. नाहीं तर अंग भाजतें.

नागपंचमीस आपण दूध ठेवतों, पण तें सापाचें अन्न नव्हे. पिल्लास आठवड्यास एक मेलेला लहान उंदीर द्यावा लागतो. शाकाहारी एकत्र कुटुंबांत हें वडील मंडळींस आधीं विचारावें. शिवाय हा प्राणी २० ते ३० वर्षें जगतो. मुलगा शिकावयास परगांवीं गेल्यावर त्याचें कोण पाहणार, हेंही ठरवावें.

मेळघाटांतील आपला अजगर पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. बॉल पायथनचीही २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम ह्यांप्रमाणें सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. घरच्यांची संमति, सरकारची नोंद आणि तयार पेटी, हीं तिन्ही असल्यावांचून पिल्लू आणूं नये.