न्हाणीघरातली छुपी गळती : आधी शोध, मग फोड



कोजागिरीच्या दिवशी दूध पिता पिता चार-पाच घरांतून एकच तक्रार ऐकू आली. छताला ओल आली आहे, वर न्हाणीघर आहे, आणि वरच्यांना सांगायचे कसे? आम्ही बँकेत पस्तीस वर्षे काढली, प्लंबिंगमध्ये एक दिवसही नाही. पण आमच्याच घरातल्या एका गळतीने दोन वर्षे आम्हाला जे शिकवले ते लिहून द्या, असा आग्रह झाला, म्हणून हा लेख.

देशपांडे नगरातले आमचे घर वडिलांनी बांधलेले. खाली आम्ही, वर धाकटे बंधू. त्यांच्या न्हाणीघराखाली आमचे देवघर येते. तिथे छताला आधी ताटलीएवढा डाग पडला, मग तो परातीएवढा झाला, कडेने पांढरा लोणा फुटला आणि एके सकाळी गिलाव्याचा पोपडा समईवरच पडला. आम्ही तेच म्हणालो जे सगळे म्हणतात : वरच्यांचे न्हाणीघर गळते. बंधूंनी बिचाऱ्यांनी फरशी उकरून घेतली, नवी बसवली. तीन आठवडे वरची सगळी मंडळी अंघोळीला खाली येत होती. दोन महिन्यांनी डाग होता तिथेच. दुसऱ्या प्लंबरने शॉवरमागच्या टाइल्स फोडल्या. तरी डाग तिथेच. मग दोन्ही जावांचे बोलणे 'दूध आले का' एवढ्यावर आले, आणि येत्या चतुर्थीला गणपती वेगळे बसवावेत का इथपर्यंत गोष्ट गेली.

याच काळात बंधूंचे कुटुंब लग्नासाठी पंधरा दिवस पुण्याला गेले होते. वरच्या न्हाणीघराला कुलूप. तरीही डाग तसूभर आटला नाही. पुरावा डोळ्यांसमोर होता, आणि आयुष्यभर हिशेबातला फरक शोधत बसलेल्या आम्हाला तो वाचता आला नाही! बँकेत रोजकीर्द जुळली नाही तर आपण सगळी खाती खोडून पुन्हा लिहीत नाही. एकेक नोंद तपासतो. इथे मात्र आम्ही थेट छिन्नी-हातोडा काढला होता.

तर पद्धत अशी. न्हाणीघरात पाणी तीन प्रकारे असते. पहिले नळांत येणारे, जे टाकीच्या उंचीमुळे चोवीस तास दाबाखाली असते. दुसरे वाहून जाणारे सांडपाणी, जे वापराच्या वेळीच पाइपात असते. तिसरे फरशीवर आणि भिंतीवर उडणारे, जे टाइल्सच्या सांध्यांतून झिरपते. आपल्याकडे टब क्वचितच, शॉवर आणि बादलीच जास्त, म्हणून हे तीन पुरेत. न्हाणीघर बंद असतानाही ओल तशीच राहिली तर संशय पहिल्यावर घ्यावा. अंघोळीनंतर काही तासांनी वाढून मग कमी होत असेल तर दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर. आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर न्हाणीघराला दोष न देता गच्ची आणि बाहेरची भिंत पाहावी.

हे कळायला डागाची नोंद हवी. पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ ओढावी, शेजारी तारीख घालावी, आणि आठवडाभर रोज एकाच वेळी पाहावे. खर्च शून्य. मात्र पंधरा दिवस बंद ठेवून फरक नाही म्हणजे नळाचीच गळती असे लगेच ठरवू नये. ज्या घरांत स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा भराव घातला आहे, तिथे भरावात साठलेले पाणी कित्येक आठवडे खाली उतरत राहते. म्हणून पुढची चाचणी हवी.

ही टाकीची चाचणी. इतर ठिकाणी लोक सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहतात. आपल्याकडे कॉर्पोरेशनचे पाणी काही दिवसांआड येते, ते संपमध्ये पडते आणि पंपाने गच्चीवर जाते. त्यामुळे मीटर फार तर संपपर्यंतची गळती दाखवील, घरातली नाही. रात्री सगळे झोपायच्या वेळी पंप बंद करावा, कमोडच्या फ्लशटाकीखालची चावी फिरवून बंद करावी (झिजलेली फ्लशटाकी गुपचूप पाणी सोडत असते आणि चाचणी फसवते), आणि गच्चीवरच्या टाकीत उभी काठी धरून पाण्याची पातळी मोजावी. सकाळी कोणीही नळ सोडण्याआधी पुन्हा मोजावी. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण एक मीटर धरला तर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे ८ लिटर.

आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक त्यांची आणि एक आमची. बंधूंना बरोबर घेऊन दोन्ही मोजल्या, कारण एव्हाना एकाने मोजलेले दुसऱ्याला पटले नसते. सकाळी त्यांची टाकी जिथल्या तिथे. आमची मात्र एका सेंटीमीटरने खाली! आठ तासांत ८ लिटर, म्हणजे दिवसाला २४. दुसऱ्या रात्री आमच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा मोजले. पातळी हलली नाही. म्हणजे टाकी ठीक, तिच्यातून खाली उतरणारा पाइप खराब. तो जुना जी. आय. पाइप बंधूंच्या न्हाणीघराच्या भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात येतो, हे वडील गेल्यावर घरात कोणालाच आठवत नव्हते. पाणी आमचे, पाइप आमचा, आणि दोनदा फोडले त्यांचे न्हाणीघर.

त्या सकाळी गच्चीवर आम्ही काय बोललो ते इथे लिहीत नाही. बंधू एवढेच म्हणाले, "चहा वर घेऊ या."

दुरुस्ती अगदी साधी निघाली. आतला पाइप बदलायला भिंत फोडण्याऐवजी तो दोन्ही टोकांना बूच मारून सोडून दिला आणि गच्चीवरून नवा प्लॅस्टिक पाइप बाहेरच्या भिंतीवरून क्लॅम्प मारून खाली आणला. प्लॅस्टिकला ऊन सोसत नाही, म्हणून त्याला रंग दिला. ज्यांची घरे जुनी आहेत त्यांनी हा मार्ग आधी विचारात घ्यावा. भिंतीतला लोखंडी पाइप बहुधा सांध्याच्या आट्यांपाशी, जिथे जस्ताचा थर कापला जातो तिथे, गंजतो. एक सांधा गेला की बाकीचेही त्याच वयाचे असतात.

टाकीची पातळी हलली नाही, तर सांडपाण्याकडे आणि सांध्यांकडे वळावे. इथे एका वेळी एकच चाचणी, आणि दोन चाचण्यांत एक-दोन दिवसांचे अंतर. पहिल्या दिवशी फरशी न भिजवता दोन-तीन बादल्या पाणी थेट जाळीत ओतावे. खाली ओल वाढली तर दोष जाळीखालच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपात. या ट्रॅपला देशभरचे प्लंबर आणि बांधकामाची पुस्तके 'नहानी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणीच ती. हुबळीतला कानडी प्लंबर, जो न्हाणीघराला बच्चलमने म्हणतो, तोही दुकानात जाऊन 'नहानी'च मागतो. आम्हाला याचा उगाच अभिमान वाटतो.

मग जाळीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट बसवून फरशीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी चोवीस तास उभे ठेवावे. उंबऱ्याच्या वर जाऊ देऊ नये आणि खालच्यांना आधी सांगावे. पाण्यात खाण्याचा रंग चिमूटभर घातला तर खाली उतरलेले पाणी ओळखता येते, पण पांढऱ्या सांध्यांवर डाग राहतो हे धरून चालावे. फरशी निर्दोष ठरली तर शेवटी शॉवर फक्त भिंतीवर दहा मिनिटे सोडावा. शॉवरचा उभा पाइप वेगळा तपासायचा. त्यात पाणी शॉवर चालू असतानाच चढते, म्हणून रात्रीची टाकीची चाचणी त्याला पकडत नाही. शॉवर काढून तोंडाला बूच मारावे, चावी उघडी ठेवावी आणि रात्रभर वाट पाहावी. टॉवेलचा दांडा किंवा गीझर बसवताना ड्रिलने पाइपाला भोक पडले असेल तर ते इथे सापडते.

सांध्यांची गळती सर्वांत स्वस्तात सुटते, आणि ती बहुतेक आपणच ओढवून घेतलेली असते. टाइल्स चकचकीत दिसाव्यात म्हणून महिन्याला ॲसिड ओतायची आपल्याकडे सवय आहे. ॲसिड सिमेंट खाते. टाइल शाबूत राहते आणि तिच्या कडेचा पांढरा सिमेंट विरघळून जातो. (आमच्या सौ.ना हे पटवायला आम्हाला एक वर्ष लागले.) जुना सांधा दोन-तीन मिलिमीटर खरवडून, पूर्ण कोरडा करून त्यात इपॉक्सी ग्राउट भरावे, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात सिलिकॉन. ओल्या सांध्यात भरलेले काहीच टिकत नाही, म्हणून दोन दिवस ते न्हाणीघर बंद ठेवणे आलेच. ट्रॅप बदलायचा असेल तर मात्र फोडाफोड टळत नाही. तिथे नव्या थराला जलरोधक लेप दिल्यावर आणि टाइल्स बसवायच्या आधी पुन्हा चोवीस तास पाणी उभे करून दाखवा, असे गवंड्याला कामाआधीच सांगावे. टाइल्स बसल्यावर सांगून उपयोग नाही.

एका गोष्टीत मात्र थांबू नये. ओल विजेच्या बोर्डापर्यंत किंवा गीझरच्या प्लगपर्यंत पोचली असेल तर बाकी शोध बाजूला ठेवून तिथला प्रवाह बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तसेच स्लॅबचा गिलावा पडून आतली सळई तांबूस दिसू लागली तर इंजिनिअरला दाखवावे. गंजलेली सळई फुगते आणि उरलेले काँक्रीटही फोडते.

रस्त्यावरून संपपर्यंत येणाऱ्या पाइपाबद्दलही दोन शब्द. आपल्या शहराला पाणी सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या धरणातून आणि नीरसागरातून येत आले आहे. २००८ च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या प्रभागांची आणि दिवसांआड पाणी येणाऱ्या भागांची तुलना एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या अभ्यासकांनी हुबळी-धारवाडातच केली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसांआडच्या पाण्यात जंतूंचे प्रमाण अधिक आढळले. पाणी थांबले की पाइपातला दाब जातो, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर जात होते तिथूनच बाहेरची घाण आत येऊ शकते. अंगणातल्या जमिनीत पाणी येण्याच्या दिवशी एकच जागा ओली होत असेल तर ती नुसती पाण्याची नासाडी समजू नये.

पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न कोजागिरीला सर्वांत जास्त रंगला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सामाईक पाइपांची आणि पावसाची गळती संस्थेकडे, आणि घरातल्या न्हाणीघराची त्या त्या सभासदाकडे, अशी विभागणी आहे. आपल्या दोन मजली घरांना संस्था नाही, पण तत्त्व चालण्यासारखे आहे. आम्ही बंधूंच्या दोन्ही फोडाफोडींचा खर्च देऊ केला. त्यांनी टाइल्सचे पैसे घेतले नाहीत, मजुरीचे घेतले.

शेवटची सूचना रंगाबद्दल. गळती थांबल्यावर छत लगेच कोरडे होत नाही. आमचे वाळायला अडीच महिने लागले, आणि मध्ये पेन्सिलीची रेघ दर आठवड्याला आत सरकत होती. त्याआधी रंग दिला असता तर तो पुन्हा सोलला असता. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. चतुर्थीपर्यंत छत वाळले नव्हते, म्हणून गणपती यंदा बंधूंकडे वरच्या दिवाणखान्यात बसला.

टाकीच्या चाचणीला रात्री आणि पहाटे अशा दोन वेळा गच्चीवर चढावे लागते. ज्या ज्येष्ठ सभासदांना ते जमणार नाही त्यांनी मंडळात निरोप ठेवावा. आम्ही आणि बंधू दोघेही काठी घेऊन येऊ.